कडूबाची चार चाकं

दुर्गाबाई वारल्याचं वाटुरात कळलं, त्या दिवशी तिच्या नवऱ्याची, कडूबाची, जीप गल्लीत आडवी अडकली होती. पुढचा बंपर शेजारच्या साहेबरावाच्या भिंतीला, मागचा विजेच्या खांबाला. दुर्गाबाई थोरल्या बहिणीकडं घनसावंगीला गेली होती आणि तिला आणायला म्हणून कडूबा सकाळपासून जीप वळवत होता. काळीपिवळीवाल्यानं निरोप आणला तेव्हाही त्याचे हात स्टिअरिंगवरच होते.

गल्ली पुढं बंद, आणि घर शेवटचं. भेटायला येणाऱ्या बायकांना दुसरी वाटच नव्हती. त्या जीपच्या एका बाजूनं चढायच्या, सीटवरून सरकायच्या आणि दुसऱ्या बाजूनं उतरायच्या. चढताना पदर सावरायचा आणि उतरल्यावर रडायला लागायचं, असं चाललं होतं. एका म्हातारीला गडबडीत हॉर्न लागला, तशी ती रडायचंच विसरली. शेवटी गड्यांनी जीप उचलून सरळ केली, तेव्हा कुठं दुर्गाबाईला घरात आणता आलं.

गाडी वळली असती तर आपली भेट झाली असती, असं कडूबाच्या मनानं घेतलं. दुर्गाबाई पहाटेच वारली होती. हे सगळ्यांनी त्याला समजावून सांगितलं, त्यालाही ते पटलं, आणि तरी त्याच्या मनातून जीप काही हलली नाही.

ही जीप मिलिटरीच्या लिलावातली. चढाला वाघ आणि वळणाला म्हैस. दहाव्याला कडूबा तिच्यातूनच घनसावंगीच्या थोरल्या मेहुणीला, प्रभावतीला, घेऊन आला. त्याचं दार म्हणजे डाव्या हाताला एक आखूड ओटा. ओट्याच्या पुढं साहेबरावाचा हौद, मागं खांब आणि खाली उघडं गटार. जीपचं नाक ओट्याजवळ गेलं की बूड लांब राही, आणि बूड जवळ आणायला जावं तर नाक हौदात. प्रभावती अंगानं भारी, गुडघ्यानं अधू. ती मधेच उतरली आणि तिचा पाय गटारात गेला. लोकांसमोर तिनं पाय हौदावर धुऊन घेतला. जाताना मात्र म्हणाली, "पाव्हणे, बहीण होती तवर गटारातून बी आले असते. आता तुमची गाडी ओट्याला लागंल तवाच मला बोलवा."

वर्षश्राद्ध झालं, ती आली नाही. पुढं पितरपाठात आहेव नवमी होती. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. सवाष्णी गावात पुष्कळ होत्या, पण कडूबाला प्रभावतीच पाहिजे होती. कारण त्यानं कुणाला सांगितलं नाही. पुरणपोळी चौघडी दुमडून, एका कोपऱ्यानं तुपात बुडवून खायची रीत त्या दोघी बहिणींचीच होती. ती त्याला एकदा पाहायची होती.

मग त्यानं ठरवलं की चारही चाकं वळवायची. पुढची दोन वळून जीप एवढी वळते, तर चार वळल्यावर ती ताटात वळेल. जालन्याच्या भंगारातून त्यानं तसल्याच जीपचा पुढचा एक्सल आणला आणि संपत वेल्डरकडून तो मागं बसवून घेतला. मागची चाकं एका खिळीनं बांधून ठेवायची, म्हणजे जीप साधी. खिळी काढली की चारही चाकं स्टिअरिंगच्या हुकमात.

आता मागच्या चाकांनी कुणीकडं वळायचं, यावर दोघांनी बसून विचार केला. दोघंही शेतकऱ्याची पोरं. कडूबा म्हणाला, बैलजोडी डावीकडं वळते तेव्हा दोन्ही बैल डावीकडंच जातात, एक इकडं आणि एक तिकडं गेला तर जू मोडतं. संपतला हे इतकं पटलं की त्यानं लगेच वेल्डिंगचा चष्मा चढवला. डावीकडं फिरवलं की चारही चाकं डावीकडं, असा स्टिअरिंगला मागची चाकं जोडणारा दांडा बसला.

नवमीच्या आदल्या दिवशी कडूबानं खळ्यावर जीप नेली, खिळी काढली आणि स्टिअरिंग पूर्ण डावीकडं फिरवलं. जीप वळली नाही. तोंड होतं तिकडंच ठेवून ती तिरकी तिरकी डावीकडं चालत गेली आणि साहेबरावाच्या कडब्याच्या गंजीत शिरली. साहेबराव एसटीतून रिटायर झालेला ड्रायव्हर. त्यानं गंजीकडं पाहिलं, जीपकडं पाहिलं, आणि म्हणाला, "कडूबा, जीप केली का खेकडा?"

मागची चाकं पुढच्यांच्या उलट वळायला हवी होती हे आता कळलं, पण दांडा बदलायला वेळ नव्हता, आणि गाडी तयार झाल्याचा निरोप तर घनसावंगीला आधीच गेला होता.

सकाळी खिळी ठोकून कडूबा प्रभावतीला घेऊन आला. वाटेत तिनं विचारलं, गाडी लागती ना ओट्याला? तो म्हणाला, लागती. आणि त्यानं गिअर बदलला.

गल्लीत शिरल्यावर जीप नेहमीसारखीच उभी राहिली, ओट्यापासून लांब, हौद आणि खांबाच्या मधोमध. प्रभावतीनं खाली गटाराकडं पाहिलं आणि पाय पोटाशी घेतले.

"हे असंच होतं तवा बी," ती म्हणाली. "मला वापस सोडा."

साहेबराव हौदावर दात घाशीत बसला होता. तो थुंकला आणि म्हणाला, "आरं, कालच्यावाणी तिरकी चालव की. माझ्या गंजीत बराबर घुसली, मंग तुझ्या ओट्याला काय झालं?"

तो चेष्टाच करत होता. पण कडूबा त्याच्याकडं बघतच राहिला. मग उतरला, जीपखाली गेला आणि खिळी काढून आला. डावीकडं पूर्ण फिरवून क्लच सोडला. जीप तोंड सरळ ठेवून हळूहळू बाजूला सरकली, हौदाला न लागता, खांबाला न लागता, आणि ओट्याशेजारी अशी येऊन थांबली की मधे बोट घालायला जागा उरली. साहेबरावाच्या तोंडातलं दातण खाली पडलं.

प्रभावतीनं सीटवरून पाय उचलला आणि सरळ ओट्यावर ठेवला.

"दुर्गी म्हणायची," ती म्हणाली, "माझ्या मालकाचं काम उलटं असतंय, पण होतंय."

पानावर बसल्यावर तिनं पोळी दुमडली. एकदा, मग परत एकदा, आणि कोपरा तुपात बुडवला. कडूबा दारातून पाहत होता. पाहून झाल्यावर तो ओट्यावर जाऊन जीपशेजारी बसला आणि बराच वेळ आत गेला नाही.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. दर आहेव नवमीला प्रभावती येते आणि जीप ओट्याला लागते. गल्लीत ती अजूनही वळत नाही, म्हणून निघताना मात्र कडूबाला फाट्यापर्यंत रिव्हर्समध्येच जावं लागतं. मागचा दांडा उलटा बसवायचा अजून राहिलेला आहे.