वरातीच्या घोडीचा दाणा

"घोडीलाबी माणूस कळतं," असं आमच्या गावचा व्यंकटराव चावडीच्या पायरीवर बसून बोलला. चार जणांत बोलला आणि ते चारही जण हसले. तोंडानं 'माणूस' म्हणाला, पण त्याला जात म्हणायचं होतं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आता त्याला लई वर्षं झाली. तरी अजून कुठल्या लग्नात घोडी दिसली की कुणीतरी ती गोष्ट काढतं आणि उलटीसुलटी करून सांगतं. म्हणून मीच लिहून ठेवते. माझी शाळा प्रौढांच्या वर्गातली, कंदिलाच्या उजेडातली. काना-मात्रा चुकला तर चुकू दे, गोष्ट चुकायची नाही.

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता. उस्मानाबादचे हेलपाटे सुटले, लातुरात कचेऱ्या उघडल्या आणि माझा नातू संघपाल तिथं कारकून म्हणून लागला. आमच्या वस्तीतला पहिला. त्याचं लग्न ठरलं ते नेमकं दुष्काळात. विहिरीत नुसता गाळ, अर्धी वस्ती रोजगार हमीवर खडी फोडायला. माझा मुलगा मारोती म्हणाला, "आई, साधंच उरकून टाकू."

मी म्हणाले, "जेवण साधं करू, एक भाजी कमी करू. पर पोरगं घोडीवर बसून चावडीपुढून जाईल. तुझ्या बापाची वरात मागल्या गल्लीनं गेली. तुझी पण तिथूनच गेली. आता बास झालं."

घोडी होती अहमदपूरच्या जिलानीची. एसटी स्टँडवर त्याचा तांगा असायचा. दुष्काळानं तोही घरी बसला होता. सवारी मिळेना, कडबा मिळेना, आणि जनावरांच्या छावणीत गाय घेत, बैल घेत, म्हैस घेत, घोडं घेत नव्हते. मला तर तेव्हाच संताप आला. घोडं काय दगड खाऊन जगतं? जिलानी म्हणाला, "मावशी, भाडं नको मला. लगीन होईपर्यंत मैनाला तुमच्या दारात ठेवा, खाऊ घाला, वरात काढा आन् आणून सोडा."

मैना आली तेव्हा बरगड्या वर आलेल्या, मान खाली. गरीब इतकी की पोरं तिच्या पोटाखालून पळायची आणि ती कानसुद्धा हलवायची नाही.

आमच्या वस्तीच्या दारात घोडी बांधली गेली ती पहिल्यांदाच. मग काय विचारता! लग्नासाठी नांदेडच्या मोंढ्यातून हरभरा आणला होता. माझ्या सुनेनं, सुमनबाईनं, त्यातला पाटीभर भिजवला, वर गुळाचा खडा ठेवला. वस्तीतली बाई न् बाई पदराखाली काहीतरी घेऊन यायला लागली. कुणी बाजरी, कुणी हमीच्या कामावर मिळालेला गहू, कुणी लेकराच्या हातातला गूळ. स्वतःच्या चुलीवर काय शिजायचं ते ठाऊक नाही, पण संघपालची घोडी वाळकी दिसायला नको! मीही ओंजळीनं घातलं. का घालू नये? कडबा मात्र कुणाच्याच घरी नव्हता, म्हणून कुणाला त्याची आठवणही झाली नाही. घोडी दिवसभर खुंट्याला उभी आणि तिच्यापुढं पाटी भरलेली.

आठवडा व्हायच्या आत ती फिरली. अंगावर तकाकी आली, पण डोळे पांढरे करून बघायला लागली. खुरानं जमीन उकरायची. सुमनबाईच्या दंडाला चावली. लाथ झाडून रांजण फोडला, तोही भरलेला. दोन कोसांवरून डोक्यावर आणलेलं पाणी मातीत गेलं आणि बाया रडल्या. तरी दुसऱ्या दिवशी पाटी भरलीच. म्हणे, चिडली हाय बिचारी, गूळ घाला.

संघपाल सुट्टी काढून आला आणि बसायचा सराव करायला गेला. रिकिबीत पाय घालतो न घालतो तोच घोडी उधळली. त्याला घेऊन सरळ चावडीपाशी गेली आणि नेमकं तिथंच आपटलं. गुडघा फुटला, नवी पँट फाटली. तेव्हाच व्यंकटराव ते बोलला.

घरी आल्यावर मारोती म्हणाला जीप सांगू. संघपाल म्हणाला, "आजी, जाऊ दे ना आता." नोकरीला लागलेलं पोरगं, आणि मान खाली घालून बोलत होतं. माझ्या अंगाची आग आग झाली. सकाळची एसटी धरली आणि अहमदपूरला जिलानीच्या दारात जाऊन उभी राहिले.

"जिलान्या, खोडीची घोडी आमच्या गळ्यात बांधलीस व्हय रे?"

जिलानी तोंड उघडायच्या आत त्याची आई बाहेर आली. हाजराबी. माझ्याच वयाची, आवाज माझ्यापेक्षा मोठा.

"माझ्या मैनाला कोण खोडीची म्हणून राहिलं? ही तर माझी लेकरं शाळेत सोडायची. काय खाऊ घातलं तिला?"

"उपाशी न्हाई ठेवली. तुझ्याकडं हाडं दिसत होती, आमच्याकडं आरशावानी चमकून राहिली."

"आरसा राहू दे. काय घातलं ते बोल."

"हरभरा. गूळ. बाजरी. गहू."

"या अल्ला! आन् चारा?"

मी पदर नीट करायला लागले.

"चारा किती घातला, पारूबाई?"

"दुष्काळात चारा कुठला आणू? दाणा घातला तर तुझ्या पोटात का दुखून राहिलं?"

"माझ्या न्हाई, तिच्या पोटात दुखून राहिलं! घोडी हाय का जावई हाय तुमचा? तांग्याला जुंपली, दहा सवाऱ्या ओढल्या तर तो दाणा जिरतो. बसवून खाऊ घातलं तर सगळा जोर डोक्यात जातो. चावणार न्हाई तर काय करंल? पोट फुगून मेली असती म्हणजे?"

असं मला कुणी बोललं नव्हतं. मी उलट चार शब्द ऐकवले, तिनं सहा ऐकवले. मग तिनं बुरखा घातला आणि माझ्याबरोबर एसटीत बसली. गाव येईपर्यंत दोघी दोन खिडक्यांकडं तोंड करून होतो.

घोडीपाशी गेल्यावर तिनं आधी तोंड नाही बघितलं, लीद बघितली. काडीनं उकरली. पातळ, आंबूस, आणि त्यात अख्खे हरभरे. "बघ," म्हणाली, "तुमचं प्रेम असंच्या असं बाहेर आलं." बाया तोंडाला पदर लावून हसल्या, मग वरमल्या. हाजराबीनं सांगितलं: दाणा बंद, गूळ बंद, फक्त सुका चारा, आणि सकाळ-संध्याकाळ लगाम धरून फिरवायचं.

सुका चारा! अख्ख्या गावात कडब्याची गंजी एकच, व्यंकटरावाच्या मळ्यात. मी गेले. मागायला नाही, हक्कानं विकत घ्यायला गेले. तो म्हणाला, "ने की पारे, गाडीभर ने. फुकट ने. पर वरात मागल्या गल्लीनं काढ. बिथरलेलं जनावर, कुणाला लागलंबिगलं तर गावाला घोर."

फुकट! पिढ्यान्‌पिढ्या आम्हाला जे काही फुकट मिळालं, ते असंच मिळालं. मी म्हणाले, "तुझा कडबा तुझ्याच गंजीत कुजू दे, व्यंकटराव." आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला अरे-तुरे केलं.

घरी आले आणि वर बघितलं. आमचं छप्पर कुसळी गवताचं. मारोतीला म्हणाले, शिडी लाव.

"आई, डोक्यावरचं काढतीस?"

"डोक्यावरचं न्हाई, घरावरचं काढते. डोकं शाबूत राहावं म्हणून."

वरचा काळा पडलेला थर फेकून दिला. आतून कोरडं, पिवळं गवत निघालं. हाजराबीनं मूठ मूठ नाकाला लावून, झटकून, बुरशी बघून घेतलं. शेजारच्या घरावर कुणीतरी चढलं. मग त्याच्या पलीकडच्या. ज्या बाया पदरातून बाजरी आणत होत्या त्याच आता डोक्यावर घराचं गवत घेऊन येत होत्या. हाजराबी लग्नापर्यंत आमच्याकडंच राहिली. पाटीजवळ कुणी फिरकलं की ओरडायची, "हात दाखव! मुठीत काय हाय?" मी पण दाखवला एकदा.

घोडी दिवसभर चावत राहिली, पण आता गवत चावत होती. फुरफुरणं कमी झालं. डोळा खाली आला. लग्नाच्या आदल्या दिवशी पोरं परत तिच्या पोटाखाली गेली, तेव्हा हाजराबी म्हणाली, "बसव तुझ्या नवरदेवाला."

वरात निघाली. बँड नव्हता. पोरी भीमगीतं म्हणत होत्या, पुढं निळा झेंडा, पांढऱ्या कपड्यांतला संघपाल ताठ बसलेला. मैना पाऊल मोजल्यासारखी चालत होती. चावडीपाशी व्यंकटराव पायरीवर बसलेलाच होता, ते चार जण पण होते. गाणं थांबलं. का थांबलं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

मैना त्याच्या समोर गेली आणि उभी राहिली. संघपालनं लगाम ओढला नाही, टाच मारली नाही. तिनं शांतपणे शेपूट उचलली आणि चावडीच्या पायरीपुढं लीद टाकली. घट्ट, गोल गोल.

मागून हाजराबी ओरडली, "पोट बरं झालं गं, पारूबाई!"

मी पुढं झाले. म्हणाले, "व्यंकटराव, तू बोलला होतास ना, घोडीलाबी माणूस कळतं? खरंच कळतं की रे!"

त्याच्या चौघांतला एक जण तोंड फिरवून हसला, ते मी बघितलं. गाणं पुन्हा सुरू झालं आणि मैना चालायला लागली.

पाऊस येईपर्यंत आम्ही आभाळाखाली राहिलो. ऊन लागतं म्हणून सुमनबाई कुरकुरायची, मी ऐकून घ्यायची. आता लोक सांगतात, हाजराबीनं घोडीच्या कानात मंतर फुंकला. कुणी सांगतं, व्यंकटरावानंच कडबा दिला म्हणून वरात निघाली. त्याचा नातू तर छाती काढून सांगतो. मंतर नव्हता आणि कडबाही नव्हता. गवत होतं, आमच्या घरांवरचं.