तिसऱ्या लेनची वेळ

मित्रांनो, मी किल्लीवर चालणारं एक जुनं स्टॉपवॉच आहे आणि एका मुलीचा अपराधी आहे. ते कसं, ते सांगतो.

कारखान्यात जाड भिंगाचा चष्मा लावलेल्या बाईंनी चिमट्यानं माझा काटा बसवला. पुढं पोहण्याच्या तलावावरच्या सरांनी मला विकत घेतलं. कितीतरी वर्षं मी त्यांच्या गळ्यात लटकत होतो. मुलं धापा टाकत काठावर यायची, “सर, किती?” म्हणत माझ्यावर झुकायची आणि माझ्या काचेवर त्यांच्या केसांतलं पाणी ठिबकायचं. काय तो माझा तोरा! मग आकड्यांची नवी घड्याळं आली आणि माझी रवानगी तुटक्या गॉगलांच्या खणात झाली.

यंदाच्या हौशी स्पर्धेत सहा लेनना सहा घड्याळं हवी होती. नवी पाचच होती. माणसंही कमी पडली, म्हणून सरांनी मुलांच्या घरच्यांना मदतीला बोलावलं. कपडे शिवणाऱ्या एक काकू आल्या. त्यांची भाची स्पर्धेत होती. असलं काम त्यांनी कधीच केलेलं नव्हतं. सरांनी मला त्यांच्या हातात दिलं आणि तिसरी लेन नेमून दिली.

“शिट्टी वाजली की दाबायचं. तुमच्या लेनमधल्या मुलीचा हात भिंतीला लागला की पुन्हा दाबायचं. दुसरीकडं बघायचं नाही हं काकू.”

“दिवसभर सुईत दोरा ओवते मी सर. नजर पक्की आहे माझी.”

दोन फेऱ्या नीट झाल्या. तिसऱ्या फेरीत आमच्या लेनमध्ये बेकरीवाल्याची मुलगी होती आणि शेजारच्या लेनमध्ये काकूंची भाची. दोघी बरोबरीनंच येत होत्या. शेवटच्या चार हातांवर काकूंची मान वळली. “आली, आली!” त्या पुटपुटल्या. बेकरीवाल्याच्या मुलीचा हात भिंतीला लागला तेव्हा त्या भाचीकडंच बघत होत्या. भाची पोहोचली आणि मगच त्यांना माझी आठवण झाली.

सरांनी माझा आकडा पाहिला. “मला तर तुमच्या लेनमधलीच आधी आल्यासारखी वाटली. वेळेवर दाबलंत ना?”

काकूंनी मला मुठीत झाकलं. “हो सर. वेळेवरच.”

माझ्या काचेवर खोटा आकडा होता आणि सगळ्यांनी तो खरा धरला. त्या आकड्यामुळं अंतिम फेरीतली शेवटची जागा भाचीला मिळाली. बेकरीवाल्याच्या मुलीनं माझ्याकडं पाहिलं, टॉवेल खांद्यावर टाकला आणि ती निघून गेली.

गडबडीत काकू मला घरीच घेऊन गेल्या. शिवणयंत्राच्या खणात, रिळांमध्ये मी पडून होतो. दोरा काढायला खण उघडला की त्या मला बघायच्या आणि खण लोटून द्यायच्या. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी भाची म्हणाली, “मावशी, ती बेकरीवाल्यांची पोहणं सोडतेय. म्हणते, मला जमतच नाही.”

शिवणयंत्र थांबलं. “अगं, तिचा हात आधी लागला होता. मी तुझ्याकडं बघत होते.”

“म्हणजे फायनल तिची होती?” भाचीचा आवाज चिरकला. “आणि मी सगळीकडं मिरवत सुटले!”

काकू मला घेऊन तडक बेकरीत गेल्या. मुलगी ट्रेमध्ये पाव रचत होती.

“बाळ, तू हळू नव्हतीस. मीच उशिरा दाबलं. आणि सरांनी विचारलं तेव्हा खोटं बोलले.”

मुलीचे हात थांबले. “मग तेव्हाच का नाही सांगितलंत काकू? आठ दिवस मी स्वतःलाच शिव्या देतेय.”

तिचे वडील एवढंच म्हणाले, “फायनल तर होऊन गेली.”

त्याच दुपारी काकूंनी सरांना सगळं सांगून मला परत केलं. सरांनी फलकावरची ती वेळ खोडली. सोमवारी मुलगी तलावावर आली.

मित्रांनो, ज्याची वेळ तुमच्या हाती दिली आहे, त्याच्यावरून नजर हलवू नका. आणि हललीच, तर काठावरची माणसं पांगण्याआधी सांगून टाका. मला बोलता येत नाही, तुम्हाला येतं.

ती मुलगी आता रोज पोहते. पण पाण्यात उतरण्याआधी सरांना म्हणते, “सर, माझ्यावर दोन घड्याळं लावा.” सर लावतात. त्या दोन्हींत मी नसतो.