घर विकायचं कारण

आयुष्यातलं पहिलं घर घ्यायला निघालो, तीनदा जाऊन बघून आलो आणि त्यातला एक नळसुद्धा सोडून पाहिला नाही. नवरा माझा महाभिडस्त. दुसऱ्याच्या घरातलं कपाट उघडायचं म्हटलं की त्याला घाम फुटतो. मी तोंडाची फटकळ, पण घरमालकीणबाई चहा इतका मायेने पुढे करायच्या की माझीही बोलती बंद. तिसऱ्या भेटीत मी त्यांना मावशी म्हणू लागले आणि त्यांच्या स्वयंपाकघरात मनातल्या मनात माझे डबे लावून मोकळी झाले.

घर का विकताय, हे मावशींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "अंघोळ करून आवरलं की डोकं ठणकतं गं, गरगरतं. डॉक्टर म्हणतात, वय झालं. मुलाकडे चार दिवस राहिले की टुणटुणीत असते. म्हटलं, पुरे आता एकटीचा हट्ट."

घर तपासायला आम्ही एक इंजिनिअर आणला. या गृहस्थाला भीड म्हणून नव्हती. आल्या आल्या सगळे नळ एकदम सोडले, सिंकखाली डोकं घातलं, नाण्याने फरशा वाजवल्या. नवरा तोंड लपवून गॅलरीत.

"तिकडे काय करताय साहेब? घर तुम्हाला घ्यायचंय ना? या, माझ्याबरोबर बघा."

घर ठणठणीत निघालं. फक्त बाथरूममध्ये तो थबकला. गॅस गिझरला धूर बाहेर नेणारा पाइपच नव्हता आणि गार वारा नको म्हणून मावशींनी झरोक्यावर प्लास्टिक चिकटवलेलं. गिझर लावून त्याने हातातलं हवा तपासायचं यंत्र आत धरलं, तर ते कोकलायलाच लागलं. त्याने लगेच गॅस बंद केला.

"आजी, आजपासून हा लावायचा नाही," त्याने मावशींना बजावलं. मग आम्हाला बाजूला घेऊन म्हणाला, "विषारी वायू साठतो आत. वास नाही, काही नाही. रोज यात अंघोळ करणाऱ्याचं डोकं दुखणार, चक्कर येणार. एखाद दिवशी जिवावरही बेतायचं. गिझर बदला, बाकी घर उत्तम आहे."

मावशी घर का विकताहेत, हे त्याला ठाऊक नव्हतं. आम्हाला होतं.

गप्प बसले असते तरी चाललं असतं. गिझर बंद झालाच होता. मावशी मुलाकडे जाऊन बऱ्या झाल्या असत्या, सगळ्यांनी सुनेचा हातगुण म्हटलं असतं आणि घर आमचं झालं असतं. मला ते घर हवं होतं. फार हवं होतं. नवऱ्याकडे पाहिलं. एवढा भिडस्त माणूस, पण माझ्यावरची नजर काही हलवेना.

"मावशी, बसा इथे," मी म्हटलं. "तुमचं वयबिय काही झालेलं नाही."

त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हणजे मुलाकडे मला बरं वाटतं ते..."

"तिथलं बाथरूम धड आहे म्हणून."

त्या हसल्या. मग त्यांनी सगळ्या घरावरून एकदा नजर फिरवली.

"मग मी हे घर का विकतेय गं?"

"नकाच विकू," मी म्हटलं, आणि घर हातचं गेलं म्हणून त्यांच्याच खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडले.