पहिल्या तासात मी कोरी असते

माझ्या कोरेपणाचा अर्थ तुम्ही 'सगळं ठीक आहे' असा लावलात, छातीत कळ आलेली माणसं घरी पाठवलीत आणि खापर माझ्यावर फोडलंत.

मी तपासणीची पट्टी बोलतेय. हृदयाला इजा झाली की तिची खूण रक्तात उतरते आणि थेंबभर रक्तावरून माझ्या अंगावर लाल रेघ उमटते. पण ती खूण उतरायला काही तास लागतात. तोवर मला काहीच कळत नाही.

तोंड झाकलेल्या बायकांनी कारखान्यातल्या एका थंडगार खोलीत मला कापून पाकिटात बंद केलं. माझ्या बहिणींची परीक्षा मोठमोठ्या रुग्णालयांत झाली. तिथे माणसं पोचायची तीच दुखायला लागून अर्धा दिवस उलटल्यावर. आम्ही पैकीच्या पैकी गुण मिळवले. त्या गुणांच्या जोरावर आता छोट्या दवाखान्यांसाठी नियम होणार होता: रेघ नसेल तर रुग्णाला घरी सोडा. तो नियम ठरवणाऱ्या समितीच्या टेबलावर मी नमुना म्हणून पडून होते.

समितीतली सगळ्यात धाकटी डॉक्टर अडून बसली होती. छोट्या दवाखान्यात माणूस कळ आल्या आल्या येतो, अशा माणसांवर ही पट्टी कुणी तपासलीच नाही, असं तिचं म्हणणं. अध्यक्षांचंही चूक नव्हतं. नियमच नसल्याने जो तो मनाला येईल तसं करत होता, कुणी कोरी पट्टी पाहूनच माणसं घरी पाठवत होतं, आणि नवा अभ्यास व्हायला वर्षं लागणार होती.

"बाई, तुमच्यावर सोपवलं तर आपण निवृत्त होऊनही इथेच बसलेले असू," ते म्हणाले. सगळे हसले. ती हसली नाही.

हात वर करून मत द्यायचं ठरलं. तेवढ्यात अध्यक्ष छाती चोळू लागले. कपाळावर घाम. कुणी काही बोलायच्या आत त्यांनीच माझं पाकीट फाडलं आणि बोट टोचलं. सगळी डोकी माझ्यावर वाकली. मी जीव तोडून शोधलं. काही सापडलं नाही.

"बघा, कोरी. पित्त असेल. मी घरी जाऊन पडतो."

"सर, कळ कधी आली?"

"आत्ताच."

"मग ती अजून काही सांगूच शकत नाही." ती म्हणाली. "आपल्या नियमाने दुसऱ्या कुणालाही घरी सोडलं असतं. तुम्हाला मी सोडणार नाही."

कुणाचाच हात वर गेला नाही. तिने त्यांना दंडाला धरून खाली त्यांच्या गाडीपाशी आणलं.

आता मी त्यांच्या घामेजलेल्या मुठीत आहे, अजूनही कोरी. मला टाकून देऊ नका, मी कामाची आहे. पण ज्यांच्यावर मला वापरणार, त्यांच्यावर आधी मला पारखा. दुखणं कधी सुरू झालं ते विचारा. आणि नियम लिहिताना, रुग्णाच्या खुर्चीत आपलंच माणूस बसलंय असं समजून लिहा.

तिच्या शेजारी गाडीत बसताच अध्यक्ष ड्रायव्हरकडे पाहून पुटपुटले, "घरी चल."

ड्रायव्हरने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. "गाडी रुग्णालयाकडे घेतोय, साहेब. रागवायचं ते तिथे पोचल्यावर रागवा."