तडजोडीचा पुलाव

गुलबाजनं छावणीतून मडमेला पळवून आणलं, त्याला आज चौथा दिवस. तो खिंडीवरून परतला तो मिशा पिळतच.

"झरमिना, एका बाईपायी दोन पलटणी आल्यात! पण तोफा डागल्या तर तीच मरायची, म्हणून जनरलनं फौज खिंडीतच थांबवलीय. उद्या बोलणी करायला येतोय."

झरमिनानं तंदुरात रोटी अशी थापली, की मनगट भाजलं. कोपऱ्यात मडम झरमिनाचीच रजई पांघरून बसली होती.

"जळतेस होय तिच्यावर?" गुलबाज हसला. "अगं, बोटसुद्धा लावलं नाही मी तिला."

"तुझ्यापायी कोण जळतंय मेल्या? दोन पलटणी आल्यात म्हणालास ना?"

बारा वर्षांपूर्वी ह्याच गुलबाजनं तिला झऱ्यावरून भरल्या घागरीसकट उचललं होतं. तिचा बाप चाळीस बंदुका घेऊन ह्याच खिंडीपर्यंत आला आणि पोरीला गोळी लागेल म्हणून तिथंच थांबला. दुसऱ्या दिवशी तडजोडीसाठी टोळीच्या पंचांचा जिरगा बसला. गुलबाजनं मेंढा कापला, बापाला घोडा दिला, वैर मिटलं.

"उद्याही मेंढा कापू," गुलबाज म्हणाला. "पुलाव तूच कर. तुझ्या हाताला चव आहे."

"मी कशाला? तिला सांग की! माझ्या वेळचा मीच रांधला होता. बाप हाडं चोखत म्हणाला, 'पोरी, मीठ जरा कमी पडलंय.' आणि घोड्यावर बसून निघून गेला."