अर्धे ओठ महागाचे

सात नंबरला कुणी विचारलं, तुम्ही काय काम करता, की ती सांगायची, ओठ रंगवून बसते. समोरच्याच्या भुवया पुरत्या वर गेल्या की मग सावकाश पुढचं सांगायची, त्याआधी नाही. तेवढी गंमत तिने नोकरीतून कायम वसूल केली होती.

तर खरी गोष्ट अशी, की एक मासिक होतं. लोकांनी डोळे झाकून पैसे उधळू नयेत म्हणून निघालेलं. दर महिन्याला ते एक भारी वस्तू घ्यायचं, तिच्यासारखीच दिसणारी एक स्वस्तातली घ्यायचं आणि दोघींची झुंज लावून द्यायचं. कचेरीच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली होती, तिला सगळे तुलनाघर म्हणत. तिथे एक निवृत्त पोस्टमन बसायचा, त्याचं अर्धं डोकं एका शाम्पूने धुतलेलं असायचं आणि अर्धं दुसऱ्याने. काखेचा वास घेऊन मार्क देणारे दोघे होते, त्यांच्या शेजारी डबा खायला कुणी बसत नसे. आणि खिडकीच्या कडेला ओठांच्या बारा खुर्च्या. आपली बाई गेली नऊ वर्षं सातव्या खुर्चीवर बसत होती, म्हणून ती सात नंबर. तिचं खरं नाव पगारपत्रकात होतं, तिथे ते सुखाने राहो.

काम सोपं वाटतं, पण करून बघा. सकाळी दहाला ओठांच्या डाव्या अर्ध्यावर एक लिपस्टिक, उजव्या अर्ध्यावर दुसरी. रंग हुबेहूब सारखे, जोड मधोमध. कांड्यांवरची नावं खरवडून नुसते आकडे टाकलेले, आणि कोणता आकडा महागाचा आणि कोणता स्वस्ताचा ते बंद पाकिटात. पाकीट दुसऱ्या दिवशी सकाळी उघडायचं. तोवर आठ तास पुसायचं नाही, पुन्हा लावायचं नाही. नेहमीसारखं जगायचं, बोलायचं, चहा प्यायचा, दुपारी मुद्दाम काहीतरी तळलेलं खायचं आणि दर तासाला आरशात बघून फॉर्मवर मार्क लिहायचे. ओठांत एक आणि पोटात एक असलेली माणसं पैशाला पासरी मिळतात, पण ओठांतच दोन असलेल्या बायका साऱ्या शहरात बाराच होत्या.

नऊ वर्षांत सात नंबरने खोटा आकडा लिहिला नव्हता. तिचा नवरा गेला त्या दिवशीसुद्धा तिच्या ओठांवर चाचणी चालू होती. तिने रडून घेतलं, मग फॉर्मवर हाताने एक नवा रकाना आखला, ‘रडल्यावर’, आणि त्यात मार्क भरले. डाव्याला सहा, उजव्याला तीन. हे वाचून तिची मुख्य बाई केबिनमध्ये जाऊन बराच वेळ बाहेर आली नव्हती.

घरी ती आणि तिची लेक. लेक दातांच्या दवाखान्यात डॉक्टरच्या हाताखाली होती, म्हणजे एकूण घर लोकांच्या आणि स्वतःच्या तोंडांवरच चाललेलं. लेकीचं एका मुलाशी जमलं होतं. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा, सरळ, थोडा लाजरा, आणि पोरीवर जीव टाकणारा. सगळं छान होतं, फक्त त्याला आई होती.

ही आई शहरातल्या सगळ्यात मोठ्या दुकानात तीस वर्षं महागड्या लिपस्टिकच्या काउंटरवर उभी होती. तिला आपण काउंटरबाई म्हणू. तिची ख्याती अशी, की गिऱ्हाईक दारातून आत आलं की ते घेणार की नुसतं हातावर रेघा ओढून जाणार, हे ती लांबूनच सांगायची. अस्सल आणि नक्कल एका नजरेत ओळखायची. लेकाला तिने बजावून ठेवलं होतं, की मुलगी आणि मुलीचं घर मी एकदा बघेन, आणि मी नको म्हटलं तर नको. मुलगा आईच्या शब्दाबाहेर नव्हता. लेक यावर चिडायची, रडायची आणि पुन्हा त्यालाच फोन करायची.

भेट रविवारी ठरली होती. पण काउंटरबाईंची सुट्टी बदलली आणि गुरुवारी दुपारी लेकीचा फोन आला, की ती दोघं आजच चारला येताहेत. सात नंबर तेव्हा बसमध्ये होती, आणि ओठांवर चौथा तास चालू होता.

घरी आल्या आल्या लेकीने टिशूचा डबाच पुढे केला. आजच्या दिवस पूस म्हणाली. आयुष्यात एकदा मागतेय म्हणाली. सात नंबरने सांगितलं, की माझी एक खुर्ची गळली तर बाकी अकराजणींचा दिवस फुकट जातो, आणि हे छापलेलं वाचून कुणीतरी आपल्या कष्टाचे पैसे खर्च करणार असतं. लेक म्हणाली, इथे माझं लग्न मोडायची पाळी आलीय आणि तुला लिपस्टिकची पडलीय. दोघींचंही खरं होतं, त्यामुळे भांडण रंगलं. शेवटी तडजोड अशी, की आई खिडकीकडे पाठ करून बसेल, कमी बोलेल आणि हसणार तर अजिबात नाही. शिवाय लेकीने तिकडे आधीच सांगून ठेवलं होतं, की आई संशोधनात आहे.

चारच्या ठोक्याला काउंटरबाई आल्या. कोट झटकलेला, केस एकेक जागच्या जागी, चेहरा असा की त्यावर बोट टेकवायची हिंमत होऊ नये. त्यांनी सोफ्याचं कव्हर पाहिलं, पडदे पाहिले, लेकीची चप्पल पाहिली आणि कशाहीबद्दल काही म्हटलं नाही. मुलगा लिफ्टमध्ये अडकल्यासारखा अंग चोरून बसला. सात नंबर मूग गिळून चहा ओतत होती.

आणि चहानेच घात केला. दुपारचे तळलेले बटाटे उजव्या बाजूने कसेबसे सोसले होते, पण गरम चहाच्या दुसऱ्या घोटाला ती बाजू सरळ कपाच्या कडेवर उतरली. डावी बाजू मात्र जशीच्या तशी, लालबुंद. काउंटरबाईंनी हातातला चमचा खाली ठेवला.

“तुमचं अर्धं तोंड कुठे गेलं?”

टेबलाखालून लेकीचा पाय आईच्या पायावर पडला, चांगला जोरात. पण आता झाकायचं तरी काय आणि कशाने? सात नंबरने सगळं सांगितलं. तुलनाघर, बारा खुर्च्या, पाकीट. पर्समधून फॉर्म काढून सहा तासांचे मार्कही दाखवले. लेकीने डोळे मिटून घेतले. पोस्टमनच्या डोक्याचा विषय निघाला तेव्हा मुलाला हसू फुटलं, ते त्याने खोकल्यात घातलं.

काउंटरबाई उठल्या. त्यांनी सात नंबरची हनुवटी दोन बोटांत धरली, तिला खिडकीशी नेलं आणि तिचं तोंड उजेडात इकडून तिकडे फिरवलं. स्वतःच्याच घरात आपलं तोंड असं कुणी फिरवावं याचा सात नंबरला संताप आला, पण लेकीकडे बघून तिने तो गिळला.

“डावी बाजू आमच्या काउंटरवरची,” काउंटरबाई म्हणाल्या. “उजवीकडची स्वस्तातली. तीस वर्षं झाली, माझी नजर चुकलेली नाही.” मग त्याच दमात त्यांनी लेकीकडे पाहिलं. “आणि ही मुलगीही अस्सल आहे. मला पसंत आहे.”

घरातली हवाच बदलली. मुलाचा जीव भांड्यात पडला, लेक रडू का हसू करत आणखी चहा करायला धावली. जाताना काउंटरबाईंनी दारात थांबून सांगितलं, की पाकीट उघडलं की मला फोन करा, मला माहीत आहेच, पण करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुलनाघरात पाकीट उघडलं. सात नंबरच्या उजव्या बाजूची, बटाट्याला आणि चहाला शरण गेलेली, ती महागाची होती. डावीकडची बसस्टॉपजवळच्या दुकानात मिळणारी, तिच्या किमतीत महागाच्या लिपस्टिकचं नुसतं टोपणही आलं नसतं. मुख्य बाई म्हणाली, नाव मोठं लक्षण खोटं. अकराजणी पोट धरून हसल्या. सात नंबर खुर्चीत बसून राहिली.

संध्याकाळी तिने लेकीला सांगितलं तर लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ज्या नजरेने डावी बाजू अस्सल ठरवली, त्याच नजरेने आपल्याला पसंत केलंय. ती नजर खोटी पडली तर आपली पसंतीही गेली, आणि वर भावी सासूचं नाक कापल्याचं पाप. हो म्हणून टाक ना आई, म्हणाली. मासिकात बाराजणींचे एकत्र मार्क छापतात, तुझ्या डाव्या ओठाला कोण विचारतंय.

सात नंबर फोन घेऊन बसली. एका आकड्याने कुणाचं काय बिघडतं, असं तिने स्वतःला चार वेळा सांगितलं. ते तिला पटलं नाही. पण पोरगी समोर उभी होती, ओढणीचं टोक चावत, लहानपणी चावायची तशी. तिने नंबर लावला.

“तुमचंच बरोबर निघालं,” सात नंबर म्हणाली. “डावी बाजू तुमच्या काउंटरचीच.”

पलीकडे काउंटरबाईंना उधाण आलं. फोन कानाला लावलेला असूनही त्यांचं बोलणं सगळ्या खोलीभर ऐकू येत होतं. आपण दुकानात कुणाकुणाची नक्कल पकडली ते त्यांनी सांगितलं. मग लग्नाला मुलीचा मेकअप आपणच करू, घरातलं हलकंसलकं सामान बाहेर काढू नका, असं सांगितलं. सात नंबर हो म्हणाली. मग त्या म्हणाल्या, राग मानू नका, पण आता नातं जुळतंय, तर ते खुर्चीवर बसून ओठ रंगवायचं काम तेवढं सोडा. आमच्या विहिणीने असं अर्धं तोंड घेऊन शहरात हिंडणं बरं दिसत नाही.

सात नंबर पुन्हा हो म्हणाली. इतक्या बारीक आवाजात, की ते हो शेजारी उभ्या असलेल्या लेकीलाच जेमतेम ऐकू आलं. लेकीने आईला खूप वेळा ओरडताना ऐकलं होतं, रडताना ऐकलं होतं. या आवाजात कधीच नाही. तिला स्वतःची लाज वाटली आणि तिने फोन आईच्या हातातून ओढूनच घेतला.

“काकू, आई खोटं बोलतेय. मी बोलायला लावलं. डावी बाजू स्वस्ताची होती, तुमची उजवी, ती चहात गेली. मला नापसंत करायचं असेल तर करा. पण आई काम सोडणार नाही.”

आता मुलाला कसं सांगायचं, कुठल्या शब्दांत, हे लेक मनात जुळवू लागली. सात नंबरने तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि वाया गेलेल्या लग्नाचं दुःख आणि पोरीचं कौतुक अशी दोन्ही तिच्या मनात एकदमच आली.

मग काउंटरबाई बोलल्या. आवाज अगदीच खाली आला होता. आईकडे द्या म्हणाल्या.

“ती डावीकडची किती तास टिकली?”

“आठ पूर्ण. जेवून, चहा पिऊन.”

“तीस वर्षं,” काउंटरबाई म्हणाल्या, “दर दोन तासांनी मी दुकानाच्या मागच्या संडासात जाऊन तोंड पुन्हा रंगवते. तीस वर्षं मला वाटतंय की माझेच ओठ खराब आहेत.”

नऊ वर्षांत सात नंबरच्या फॉर्मवर असा रकाना कधी आलाच नव्हता. तुमच्या ओठांना काही झालेलं नाही हो, एवढंच ती म्हणाली. पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. मग काउंटरबाईंनी विचारलं, ती कुठे मिळते. सात नंबरने सांगितलं, बसस्टॉपजवळ, साबण-झाडूच्या दुकानात, बुटाच्या पॉलिशच्या खालच्या फळीवर. काउंटरबाईंनी ते लिहून घेतलं असावं, कारण पॉलिशच्या खालच्या की वरच्या, असं त्यांनी पुन्हा विचारून घेतलं.

“मी तिकडे गेले तर कुणीतरी ओळखेल,” त्या म्हणाल्या. “माझ्या सुनेला सांगा, रविवारी येताना दोन घेऊन ये. आणि पिशवीत घालून आण म्हणावं.”