पेंटरच्या नावावरची गाडी

पेंटर परांचीवरून पडला, त्या वर्षी त्याचा दादा इस्पितळात दोनदा येऊन गेला. एकदा डावा पाय गुडघ्याखालून कापायला संमती म्हणून सही करायला, आणि एकदा पेंटर शुद्धीवर आल्यावर, आता पुढे काय करायचं ठरवलंयस हे विचारायला. उत्तर ऐकायला दादा थांबला नाही. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, गिऱ्हाईक ताटकळत होतं, तो गेला. पुढे कितीतरी वर्षं दोघा भावांचं बोलणं फोनवरच, तेही अडलं-नडलं तर.

पेंटर लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत एकटा राहायचा. नकली पायावर परांची चढता येत नव्हती, म्हणून दुकानांच्या मोठ्या पाट्या गेल्या आणि डॉक्टर-वकिलांच्या दारावरच्या छोट्या पाट्या उरल्या. त्या तो जमिनीवर बसून रंगवायचा. घरातलं एकच माणूस त्याच्याकडे येत असे, ती म्हणजे दादाची एकुलती एक मुलगी. लहानपणी तिच्या तोंडाला कुलूप म्हणून नसायचं, तेव्हा पेंटरनेच तिचं नाव टिटवी ठेवलं होतं. शाळा सुटली की ती जिना चढून यायची, त्याच्या शेजारी फतकल मारायची आणि त्याचा ब्रश उचलायची. वळणदार रेघ एका दमात कशी ओढायची, हे त्याने तिला शिकवलं. ती दहावीला गेली तोवर तिचा हात त्याच्यापेक्षा चांगला झाला होता. हे त्याला कळत होतं आणि त्याचा त्याला आनंदच होता.

मग एका रविवारी दादा आणि वहिनी दोघंही जिना चढून आले. सोबत नवा शर्ट होता. दादाने खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाला की हे काही खरं नाही, सख्खा भाऊ असा परक्यासारखा राहतो, लोक काय म्हणतील. खालची खोली रिकामीच पडली आहे, तू आमच्याकडे ये. वहिनी म्हणाल्या, टिटवीलाही बरं वाटेल. पेंटरने शर्ट तिथेच अंगावर चढवून पाहिला. त्याने सामान बांधलं.

गाडीची गोष्ट आठवडा उलटल्यावर निघाली, तीही सहज बोलता बोलता. विजेवर चालणारी गाडी घेतली की सरकार अनुदान देतं, आणि ती अपंग माणसाच्या नावावर असली तर करही पूर्ण माफ. दादाने चष्मा पुसत पुसत सगळं समजावून सांगितलं. अट एवढीच, की गाडीचा मालक त्याच पत्त्यावर राहायला हवा आणि काही वर्षं गाडी विकता येणार नाही. नाहीतर माफ केलेला सगळा कर दंडासकट वसूल होतो.

पेंटर दुधखुळा नव्हता. नवा शर्ट कशासाठी आला होता, हे त्याला तिथल्या तिथे कळलं. पण लॉन्ड्रीच्या वाफेत परत जाऊन बसायचं त्याच्या जिवावर आलं होतं. शिवाय टिटवी एव्हाना रोज संध्याकाळी खाली येऊन बसायला लागली होती. त्याने मूग गिळले आणि सही केली.

शोरूममध्ये मालकाचा फोटो काढायची पद्धत होती, म्हणून त्याला चालकाच्या जागेवर बसवलं गेलं. विक्रेता तरुण होता, तोंडाने गोड. त्याने पेंटरच्या पायाकडे पाहिलं आणि म्हणाला, या गाडीला क्लच नाही, गिअर बदलायचे नाहीत, सगळं काम उजव्या पायाचं आहे. तुम्ही आरामात चालवाल. पेंटरने उजवा पाय हळूच ब्रेकवर ठेवून पाहिला. तेवढ्यात दादा मोठ्याने हसला. "हा? याला पायरी चढवताना आमच्या नाकी नऊ येतात." विक्रेताही हसला, कारण पैसे दादा देणार होता.

गाडी घरी आली. जादा दाबाची तार फक्त खालच्या खोलीपर्यंत आलेली होती, त्यामुळे चार्जर पेंटरच्या पलंगाशेजारच्या भिंतीवर बसला आणि त्याची जाड केबल खिडकीतून बाहेर गेली. आता खिडकी लागेना. थंडी सुरू झाली तेव्हा त्याने वहिनींना सांगून पाहिलं. त्यांनी जुना पडदा काढून दिला आणि केबलवर पाय देऊ नका, महाग असते, एवढं बजावलं. गाडीत मात्र त्याला कोणी घेईना. नकली पायाच्या लोखंडाने दाराचा रंग खरवडेल, हे कारण. वर्षातून एकदा सवलतखात्याचा माणूस तपासणीला यायचा, त्या दिवशी त्याला पुढच्या सीटवर बसवून चौकापर्यंत चक्कर मारून आणत. माणूस गेला की दादा दार उघडून म्हणायचा, उतर.

पेंटर उतरायचा. पण विक्रेत्याचं ते वाक्य काही त्याच्या डोक्यातून उतरत नव्हतं. एका ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईंनी त्याच्याकडून पाटी रंगवून घेतली, तेव्हा त्याने मजुरीच्या बदल्यात शिकवणी मागितली. बाई खमक्या होत्या. त्यांच्याकडे बिनक्लचची एक जुनी गाडी होती. चुकलं की त्या त्याच्या मनगटावर फटका मारायच्या आणि पायाबद्दल त्यांनी एकदाही विचारलं नाही. पेंटरला ते फार आवडलं. वैद्यकीय तपासणी झाली, परीक्षा झाली, परवाना हातात आला. त्याने घरात अवाक्षर काढलं नाही. त्याच्या मनात वेगळंच होतं.

टिटवीला मोठ्या शहरातल्या चित्रकला महाविद्यालयात जायचं होतं. प्रवेशपरीक्षा तिथेच बसून, चित्रं काढून द्यायची, एकाच दिवशी, आणि फाटक बंद झालं की बंद. वर्षभर दोघंही त्याच तयारीत होते. तिच्या ब्रशांचे केस त्याने स्वतः कापून सारखे केले होते. आणि परीक्षेच्या दिवशी तिला आपण घेऊन जायचं, आपल्या नावावरच्या गाडीतून, स्वतः चालवत, हे त्याने कधीच ठरवून टाकलं होतं. रस्ता त्याने नकाशावर पाठ केला होता.

आदल्या संध्याकाळी जेवताना त्याने खिशातून परवाना काढला, ताटाशेजारी ठेवला आणि म्हणाला, उद्या मी चालवतो.

दादाने परवाना उचलला, चष्मा कपाळावर सरकवला आणि गिऱ्हाइकाचा नंबर तपासावा तसा तो डोळ्यांजवळ धरला. मग परत ठेवला.

"चांगलं आहे," तो म्हणाला. "ओळखपत्र म्हणून उपयोगी पडेल."

वहिनींना ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी सांगितलं, उद्या त्यांची बहीणही येणार आहे, परीक्षा चालू असताना खरेदी उरकून घेऊ. गाडीत जागाच नाही. दादा म्हणाला, "आणि तिथे जिने आहेत. तू कशाला येतोस."

पेंटरने टिटवीकडे पाहिलं. ती हसत होती. मोठ्याने नाही, ओठ दाबून, ताटात बघत. कदाचित ती वडिलांच्या विनोदाला हसत असेल, कदाचित परीक्षेच्या धास्तीने तिला उगाच हसू फुटलं असेल. पेंटरने तेवढा विचार केला नाही. दादाचं हसणं त्याने शोरूमपासून पचवलं होतं. हे त्याला पचलं नाही.

सकाळी सगळे तयार होऊन खाली आले, तेव्हा पेंटर चालकाच्या जागेवर बसलेला होता. किल्ली त्याच्याकडे होती आणि केबल काढून गुंडाळून ठेवलेली होती. दादाला आधी वाटलं की थट्टा चाललीय. मग त्याने दार ओढलं, ते आतून लावलेलं होतं. पेंटरने काच चार बोटं खाली केली.

"उतर."

"गाडी कोणाची आहे?" पेंटरने विचारलं.

"आज तमाशा नको. पोरीची परीक्षा आहे. उतर खाली."

"मी नेतो तिला. तिला एकटीला. बाकीचे तुम्ही या पाहिजे तसे."

दादाचा आवाज चढला. याच महिन्यात तुझं बोचकं रस्त्यावर फेकतो, असं तो म्हणाला. पेंटर शांतपणे म्हणाला, फेक. पत्ता बदलला की मी स्वतः जाऊन सवलतखात्यात कळवतो, मग भर दंड. वहिनींची बहीण रस्त्यात कोणी पाहत नाही ना, हे बघायला मागे वळली. वहिनी रडकुंडीला आल्या. दादाने काचेवर हात आपटला आणि मग, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, धाकट्या भावाला विनवलं. "तुझ्या पाया पडतो. वेळ नाही रे."

ते ऐकून पेंटरला इतकं बरं वाटलं, की तिथेच थांबायला हवं होतं हे त्याच्या लक्षातही आलं नाही. त्याने दुसऱ्या बाजूचं दार उघडून दिलं आणि म्हणाला, "टिटवे, बस."

ती ड्रॉइंगबोर्ड छातीशी धरून उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने आधी वडिलांकडे पाहिलं, मग त्याच्या पायाकडे. तिला जायचं होतं, पण भीती वाटत होती. त्याला गाडी चालवताना तिने कधी पाहिलंच नव्हतं.

"काका," ती म्हणाली, "बाबांना चालवू दे ना. आजच्या दिवस."

पेंटरने हात लांब करून ते दार ओढून घेतलं आणि गाडी काढली. आरशात त्याला चौघंही दिसली. टिटवी थोडी पळाली, बोर्ड वाऱ्यात आडवा झाला, मग ती थांबली.

तो हमरस्त्याला लागला. आपण कोपऱ्यावरून परत फिरणार, असं त्याला पहिल्यांदा वाटत होतं. मग पुढच्या पुलावरून. मग गाव मागे पडलं, दोन्ही बाजूंना मोकळं माळरान लागलं, आणि पायाखाली नुसतं दाबलं की ते सगळं धूड जिवंत जनावरासारखं पुढे झेपावायला लागलं. परांचीवरून पडल्यापासून त्याने वेग म्हणून काही अनुभवला नव्हता. तो गाणं गुणगुणत होता. एका टपरीवर गाडीतच बसून त्याने चहा मागवला. पोऱ्याने त्याला साहेब म्हटलं. त्या दिवशी पेंटर सुखी होता, अगदी मनापासून. पुढे पुष्कळ दिवस त्याने त्या सुखाला दुसरं काही नाव देऊन पाहिलं, पण जमलं नाही.

दिवस कलताना तो परत आला. इकडे घरच्यांना भाड्याची गाडी मिळेपर्यंत बराच वेळ गेला होता. ते पोहोचले तेव्हा महाविद्यालयाचं फाटक लागलेलं होतं, आणि दादाने गजांतून हात घालून रखवालदाराला कितीही विनवलं तरी ते उघडलं नव्हतं. आत मुलं बसलेली दिसत होती म्हणे. हे सगळं वहिनींनी त्याला ताट वाढता वाढता सांगितलं, आवाज न चढवता. दादा दुकानात जाऊन बसला होता. टिटवी वरच्या खोलीत होती. पेंटरने माफीचे शब्द जुळवून ठेवले होते, पण ऐकणारी खाली आली नाही आणि वर जायला जिना होता. लॉन्ड्रीवरचा जिना रोज चढलेला तो स्वतःशी दादासारखंच म्हणाला, जिना आहे.

दुसऱ्या दिवशी त्याला खिडकीत त्याचे ब्रश सापडले, वर्षानुवर्षं तिला दिलेले सगळे. धुऊन, पुसून ठेवलेले.

त्याला कोणी घराबाहेर काढलं नाही. दंड सगळ्यांनाच नको होता. फक्त किल्ली आता त्याच्या शर्टाच्या खिशात असायची आणि ज्याला गाडी हवी त्याने त्याच्याकडे येऊन मागायची. दादाला दुकानाचा माल आणायचा असला की तो खालच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहायचा. कुठे जायचंय, कशाला, बसने का नाही, असं पेंटर एकेक विचारत जायचा, आणि नेलंच तर मागच्या सीटवर बसवायचा. वहिनींचा गुडघा सुजला, त्यांनी दवाखान्यात सोडाल का म्हणून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "तिथे जिने आहेत, वहिनी. तुम्ही कशाला जाता." त्या लंगडत रस्त्यावर गेल्या आणि तो खिडकीतून पाहत राहिला. एखाद्याला छळण्यात आपला हात इतका चांगला बसेल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

टिटवीने गाडी कधीच मागितली नाही. ती त्याच्याशी बोलेनाशी झाली, यात नवल नव्हतं. पण ती कोणाशीच फारशी बोलेना. परीक्षा पुढच्या वर्षीही होती, तिने अर्ज केला नाही. दादाने समजावलं, वहिनींनी रडून पाहिलं. तिने दुसऱ्या गावी दातांच्या कवळ्या बनवण्याचं शिक्षण शोधून काढलं आणि वसतिगृहात जागा घेतली. हात चांगला लागतो त्यात, असं ती म्हणाली, एवढंच.

ती निघाली त्या दिवशी दादा दुकानात होता. वहिनींनी दारातच निरोप दिला. पेंटर गाडी फाटकाशी आणून थांबला होता, बाजूचं दार उघडं ठेवून. स्टँडपर्यंत सोडतो, असं त्याने म्हटलं. तिने ऐकलं असावं. तिने पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि चालायला लागली.

त्याने दार लावून घेतलं आणि तिच्या मागे निघाला. रस्ता अरुंद होता, वर्दळ नव्हती. ती पुढे आणि तो थोडा मागे, माणसाच्या चालीने. गाडीला आवाज नव्हता, त्यामुळे तिला बराच वेळ कळलंच नाही. तिची चाल वहिनींसारखी झाली होती, खांदे पुढे काढलेले. हॉर्न वाजवावा, असं त्याच्या मनात आलं. टिटवे, अशी हाक मारावी, असंही आलं. त्याने काच खालीसुद्धा केली.

लॉन्ड्रीच्या वळणावर तिने सहज मागे पाहिलं. तिची नजर गाडीवर पडली, काचेवर, त्याच्यावर. मग ती रस्त्याच्या कडेला सरकली, पिशवी अंगाशी ओढून घेतली आणि पुढे जायला गाडीला वाट दिली, कोणत्याही गाडीला द्यावी तशी. पेंटर थांबला असता तर तीही उभीच राहिली असती.

तो पुढे निघून गेला.